माझ्या मैदानावरचे अल्बानियन

माझी सगळी नोकरी लोकांना 'नाही' म्हणण्यात गेली. रविवारी सकाळी मी मैदानाच्या मध्यभागी जायचो, बुटाची टाच जमिनीत दाबायचो आणि टाचेभोवती पाणी वर आलं की 'नाही' म्हणायचो. मग दोन्ही टीमचे खेळाडू, त्यांचे मॅनेजर, रेफरी आणि कुणाची तरी सासू असे सगळे मिळून मला सांगायचे, की हे पाणी नाहीच, दव आहे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "मानेकाका, तुम्ही इतकी वर्षं लंडनच्या हिरवळीवर काम केलंत. आमच्याकडे सगळे आयटीवाले नि बँकवालेच लिहितात. तुम्ही काहीतरी प्रसन्न लिहा."

प्रसन्न! बाई, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ती हिरवळ नसते, चिखल असतो. आणि उरलेल्या दिवसांत त्याच्यावर क्रिकेटवाले भांडत असतात.

मी कौन्सिलच्या पार्क्स डिपार्टमेंटमध्ये ग्राउंड्स सुपरवायझर होतो. म्हणजे गवत कापणं, पांढऱ्या रेषा मारणं, गोलपोस्ट उभे करणं, जाळ्या बांधणं, खेळाडूंनी कपडे बदलायच्या पॅव्हिलियनच्या किल्ल्या सांभाळणं आणि मैदान खेळण्यालायक आहे की नाही ते ठरवणं. शेवटचं काम सगळ्यात वाईट. ओल्या मैदानावर एक मॅच होऊ दिली तर पुढचे दोन महिने तिथे म्हशी लोळल्यासारखं दिसतं. पण हे कुणाला सांगणार? एका मॅनेजरनं पेनल्टी स्पॉट वाळवायला घरून हेअर ड्रायर आणला होता. प्लग कुठे लावू, असं मलाच विचारत होता. एका बाईंनी लेखी तक्रार केली होती, की माझ्या मशिनच्या आवाजानं त्यांचं कुत्रं खचून गेलं आहे, तरी गवत जरा हळू आवाजात कापावं. आणि आपल्याच लोकांची क्रिकेट टूर्नामेंट असली की विचारायलाच नको. पॅव्हिलियनच्या बेसिनमध्ये पोह्यांची पातेली घासून ठेवायचे आणि वर म्हणायचे, "माने, आपलाच माणूस आहे, काही बोलणार नाही."

मी मूळचा कोल्हापूरचा. हे मुद्दाम सांगतो, कारण इथे मंडळात फुटबॉलचा विषय काढला की लोक विचारतात, "म्हणजे इकडे आल्यावर शिकलात का?" अहो, आमच्याकडे पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. मॅच हरली की दोन गल्ल्या महिनाभर एकमेकींच्या दुकानातून साखर घेत नाहीत. त्यामुळे फुटबॉलवरून माणसं किती वेड्यासारखी वागू शकतात, हे मला ठाऊक आहे असा माझा समज होता. मग मला अल्बानियन भेटले.

ईलिंगच्या पलीकडे, रेल्वेच्या रुळांमागे आमची दोन मैदानं होती. तिथे एक अल्बानियन क्लब खेळायला यायचा. क्लब दोघांनी काढलेला. अगिम हा प्लास्टरिंगचं काम करणारा, उंच, खांद्यानं रुंद, स्वतः गोलकीपर. बेस्निकची बेकरी होती. तो बुटका, चपळ आणि तोंडाळ. दोघं एकाच गावचे. उत्तर अल्बानियात डोंगरात क्रोमच्या खाणीचं गाव आहे, तिथले. लंडनला आल्यावर पहिली कित्येक वर्षं एका खोलीत राहिलेले. त्या खोलीतच त्यांनी गावच्या क्लबचं नाव आणि रंग घेऊन इथे टीम उभी केली.

पहिल्याच सीझनला त्यांनी मला छळायला सुरुवात केली. एका संध्याकाळी हॅरोला माझ्या घराजवळ अगिम दिसला, म्हणून मी त्याला विचारलं, "पॅव्हिलियनला कुलूप लावलंस का?" त्यानं मान आडवी हलवली. मी चडफडत बस बदलत मैदानावर परत गेलो, तर कुलूप लावलेलं! नंतर कळलं, त्यांच्याकडे 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना वर उडवतात. माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, मग तोंडानं बोलायला सांगा ना त्याला." तोंडानं बोलायला सांगितलं आणि तिथेच चुकलं. कारण तोंड उघडलं की तो क्लबचा इतिहास सांगायचा.

हा इतिहास मी रेषा मारताना ऐकला, जाळ्या बांधताना ऐकला, पावसात ऐकला. गावचा क्लब फार जुना. हुकूमशाहीच्या काळात सरकारनं त्याचं नाव बदललं, मग परत बदललं. एकदा तर राजधानीच्या बलाढ्य टीमला त्यांनी खाली बघायला लावलं. आणि त्या टीमचा गोलकीपर कोण? अगिमचे वडील. बेस्निक हाच इतिहास ब्युरेकच्या खोक्यासकट सांगायचा. ब्युरेक म्हणजे त्यांची पालक-चीज भरलेली, पदर सुटणारी पोळी; फार छान लागते. फक्त त्याच्या इतिहासात हिरो वेगळा होता. उजवीकडून पळणारा विंगर, बेस्निकचा मामा. हा मामा रेडिओवर चोरून इटलीच्या मॅचेसची कॉमेंटरी ऐकायचा. तेव्हा तो गुन्हा होता. कुणीतरी चुगली केली, मामाला उचललं, आणि पुढची कित्येक वर्षं तो सक्तमजुरीच्या छावणीत होता. परत आला तेव्हा गप्प झालेला. बेस्निकला आठवतो तो मामा म्हणजे खिडकीपाशी बसलेला, काही न बोलणारा माणूस.

क्लबच्या वर्धापनदिनाचा बेत ठरला आणि भांडण पेटलं. अगिम म्हणाला, गावच्या क्लबचं स्थापनेचं साल धरायचं, आपण त्याचेच वारस. बेस्निक म्हणाला, आपण लंडनमध्ये, त्या खोलीत क्लब काढला, तेच साल धरायचं. गावच्या क्लबशी मला नातं नको, त्या क्लबनं माझ्या मामाला विकलं. अगिमनं विचारलं, "विकलं म्हणजे कुणी?" बेस्निक म्हणाला, "तुझ्या बापाला विचारायला हवं होतं."

ते वाक्य पॅव्हिलियनच्या दारात बोललं गेलं. मी आत नळ दुरुस्त करत होतो. बाहेर आलो तेव्हा दोघं दोन दिशांना निघाले होते आणि पंधरा-वीस खेळाडू मोजे हातात धरून उभे होते, कुणाच्या मागे जायचं ते न कळून.

पुढचं मराठी माणसाला समजावून सांगायला नको. एकाचे दोन क्लब झाले. नाव तेच, शर्टचा रंग तोच, फक्त एकानं नावापुढे 'ओरिजिनल' लावलं आणि दुसऱ्यानं 'ट्रू'. दोघंही रविवारी सकाळचं तेच मैदान मागायचे. दोघांच्याही फोनची सुरुवात एकच: "मिस्टर मानी, तुम्ही तर सगळं जाणता." मी काहीही जाणत नव्हतो. मला फक्त कॉर्नरचे झेंडे कोण जागेवर ठेवत नाही एवढं कळत होतं, आणि ते दोघेही ठेवत नव्हते.

अशात कौन्सिलनं खर्च कमी करायला घेतला. दोन मैदानांपैकी एक बंद करून तिथे जंगली फुलं लावायचं ठरलं. माझी मॅनेजर क्लेअर हुशार मुलगी होती, पण तिला सगळं एका ओळीत हवं असायचं. ती म्हणाली, "एका नावाचे दोन क्लब मला सिस्टिममध्ये टाकता येत नाहीत. त्यांनी आपसात ठरवून एकच बुकिंग पाठवावं. नाहीतर ती वेळ मी दुसऱ्या क्लबला देते, वेटिंग लिस्ट आहे. माने, तू बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतात ते."

माझं ऐकतात! त्यांच्या तोंडावर मी दहा वेळा सांगितलं होतं, की गोलच्या दांड्याला लोंबकळू नका.

तरी बोललो. दोघांना वेगवेगळं समजावलं, की मैदान गेलं तर तुमच्या इतिहासावर गवत उगवेल. अगिम म्हणाला, त्यानं माफी मागावी. बेस्निक म्हणाला, त्यानं कबूल करावं. शेवटी दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं: अंकल पेत्रित सांगतील ते खरं.

पेत्रित म्हणजे गावच्या त्या जुन्या टीममधला, त्यांच्या माहितीत उरलेला एकमेव खेळाडू. वय ऐंशीच्या पुढे. बायको गेल्यावर मुलीनं, द्रितानं, त्यांना नुकतंच लंडनला आणलं होतं. द्रिता हॅरोला एका शाळेच्या किचनमध्ये काम करायची, आणि शेकडो पोरांना रांगेत उभं करून जेवू घालणाऱ्या बाईचा आवाज तिला होता.

एका शनिवारी दुपारी तिनं वडिलांना पॅव्हिलियनमध्ये आणलं. वाळक्या अंगाचा, इस्त्रीचा कोट घातलेला माणूस. मधल्या बाकावर ते आणि द्रिता, एका भिंतीला अगिम, समोरच्या भिंतीला बेस्निक. मी दारात, कारण किल्ली माझ्याकडे. ते अल्बानियनमध्ये बोलायचे आणि द्रिता माझ्यासाठी इंग्लिशमध्ये सांगायची.

अगिमनं आधी स्थापनेचं विचारलं. पेत्रित म्हणाले, "क्लब खाणीतल्या डॉक्टरनं काढला. कामगार सुट्टीच्या दिवशी दारू पिऊन मारामाऱ्या करायचे आणि त्याला टाके घालत बसावं लागायचं. कंटाळला बिचारा. साल मला माहीत नाही. त्याला पण नसेल. नाव नुसतं 'खाण' होतं, बाकीची नावं सरकारनं नंतर दिली."

"आणि राजधानीच्या टीमला हरवलं ते?"

"हरवलं कुठे? त्यांची बस घाटात अडकली. ते आलेच नाहीत. आम्हाला वॉकओव्हर दिला."

मला हसू आलं. अगिमनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते गिळलं.

"आम्ही नेहमी शेवटून पहिले," म्हातारा सांगत होता. "पण मैदान चांगलं होतं. दगड आम्हीच वेचले होते."

बेस्निक पुढे झाला. त्यानं विचारलेलं मला द्रितानं सांगायची गरज नव्हती. त्यात फक्त मामाचं नाव होतं आणि अगिमच्या वडिलांचं.

पेत्रित आपल्या हातांकडे बघत हळूहळू बोलले, आणि द्रिताही तितक्याच हळू सांगत गेली. "त्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावलं होतं. एकेकाला. गोलकीपरला, कॅप्टनला, मला, सगळ्यांना. मला विचारलं, हा रेडिओ ऐकतो का? मी म्हटलं, तो उजवीकडून फार सुंदर पळतो. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बाकीच्यांनी आत काय सांगितलं, मला माहीत नाही. बाहेर आल्यावर कुणी कुणाला विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही. आम्ही खेळत राहिलो."

मला वाटलं, आता हे दोघे उठतील, एकमेकांना मिठी मारतील. माणसाला सिनेमे बघून अशा वाईट सवयी लागतात.

अगिम ओरडला, "म्हणजे माझ्या वडिलांनी केलं नाही असं तुम्ही म्हणणार नाही?"

बेस्निक ओरडला, "म्हणजे त्यानंच केलं हे तुम्ही दडवणार?"

मग दोघं मिळून त्या म्हाताऱ्यावर तुटून पडले. वयामुळे त्यांना आठवत नाही, असं अगिम म्हणाला. ते आधीपासूनच भित्रे, असं बेस्निक म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दोघं एका बाजूला होते. पेत्रित कोटाचं बटण लावत उठले.

द्रिता मात्र बसून राहिली होती. ती आता इंग्लिशमध्येच बोलली, बहुधा मलाही ऐकू यावं म्हणून. "गावात तुम्ही दोघं जन्मला नव्हता तेव्हा हा माणूस तिथे होता. तुम्हाला त्याचा इतिहास नको, तुमचा हवाय. ठीक आहे. पण मैदान मी घालवू देणार नाही, कारण या देशात आल्यापासून माझे वडील फक्त तुमच्या मॅचसाठी घराबाहेर पडायला तयार होतात. सोमवारी बुकिंग मी करणार."

आणि तिनं खरंच केलं. सोमवारी क्लेअरचा मला फोन. "माने, एका बाईनं रविवारची पूर्ण सकाळ बुक केलीय. मी विचारलं, 'कुणाचा क्लब?' तर म्हणाली, 'माइन.' मी म्हटलं, हो, पण नाव काय? तर परत, 'माइन.' माझ्यावर चिडली का ती?"

मी तिला सांगितलं, की माइन म्हणजे खाण, तेच क्लबचं पहिलं नाव. एका ओळीत बसत असल्यामुळे क्लेअरला ते पसंत पडलं. अगिम आणि बेस्निक दोघांनाही आक्षेप घेता येईना, कारण जुनं नाव नको म्हणायचं कुणी? सकाळची पहिली मॅच एकाची, दुसरी दुसऱ्याची, असं द्रितानं ठरवून टाकलं. कपडे बदलायला जाता-येताना दोन्ही टीम दारात एकमेकांना धक्के देत. पहिली टीम चिखल करून ठेवते म्हणून दुसरी मला बोलायची, आणि दुसरी टीम लवकर येऊन टक लावून बघते म्हणून पहिली मला बोलायची. पेत्रित रेषेबाहेर उभे राहून दोन्ही मॅचेस बघायचे. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मीच मधूनमधून चहाचा कप नेऊन द्यायचो. भाषा येत नसल्यामुळे आमचं छान जमायचं.

सीझन संपला. मे महिन्यात गोलच्या तोंडाशी गवताचं नावनिशाण उरत नाही, सगळी जमीन उखडलेली असते. ती खणायची, माती भरायची, बी पेरायचं, वर दोरी बांधायची आणि मग त्यावर कुणी पाऊल ठेवू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून राखण करायची. त्या दिवशी मी नुकतंच बी टाकून दाताळं फिरवलं होतं. गेटातून बेस्निक येताना दिसला. मागे पेत्रित आणि द्रिता.

"मिस्टर मानी," तो म्हणाला, "भांडायला नाही आलो." त्याच्या तोंडी हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. "काल मी ह्यांच्या घरी गेलो. म्हटलं, कुणी सांगितलं ते राहू दे. माझा मामा खेळायचा कसा, ते मला सांगा. मी त्याला कधी पळताना पाहिलंच नाही. ते म्हणाले, घरात नाही दाखवता येणार."

पेत्रितनी कोट काढून द्रिताच्या हातात दिला. दोरी उचलली आणि वाकून तिच्याखालून सरळ माझ्या पेरलेल्या मातीत गेले.

"अहो, ओ!" मी ओरडलो. मराठीतच ओरडलो. कुठल्याही भाषेत ओरडून उपयोग नव्हता.

त्यांनी डावा खांदा खाली टाकला, असा की बघणारा डावीकडेच झुकेल, आणि उजव्या पायानं नसलेला बॉल बाहेरच्या बाजूला ढकलला. ऐंशीच्या पुढचा माणूस, गुडघे कुरकुरत होते, पण तो खांदा! मी कोल्हापुरात गल्लीतली पोरं बघत वाढलोय. असा खांदा मी पाहिलेला नव्हता. ते परत जागेवर आले, परत टाकला. मग बेस्निककडे बोट केलं: तू कर.

बेस्निक पन्नाशीचा, पोट सुटलेला. त्यानं खांदा टाकला, पाय घसरला आणि तो तोंडावर माझ्या बियांत पडला. उठेना. मी धावलो, वाटलं लागलं. तो मातीत तोंड घालून रडत होता. म्हातारा शेजारी उकिडवा बसून त्याच्या पाठीवर थापट्या मारत काहीतरी सांगत होता. द्रितानं ते मला इंग्लिशमध्ये सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

बी मी दुसऱ्या दिवशी परत पेरलं. आठवड्यानं अगिम आला. तेच तिघं, फक्त बेस्निकच्या जागी अगिम. तो गेटापासूनच म्हणाला, "मला कुणी काही सांगितलेलं नाही. मी सहज आलोय." सहज आलेल्या माणसानं गोलकीपरचे हातमोजे आणले होते.

मी दोरी स्वतःच सोडली. काय करणार?

पेत्रितनी त्याला दोन खांबांमध्ये उभं केलं. कोपर धरून वर उचललं, पाय थोडे लांब करायला लावले, मागे जाऊन पाहिलं, मान वर उडवली, परत आले, हनुवटी खाली दाबली. मग दूर उभे राहून बघत राहिले. बराच वेळ. अगिम त्या अवस्थेत पुतळ्यासारखा. शेवटी म्हातारा काहीतरी बोलला आणि द्रिताला हसू फुटलं.

"ते म्हणतात, तुझे वडील असेच उभे राहायचे. दिसायचे एकदम झकास. पण पुढे यायला नेहमी उशीर करायचे. बॉल आत गेल्यावर निघायचे."

मला वाटलं, आता हा चिडणार. अगिमनं हातमोजे खाली केले. "हे मला कुणीच सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "घरी सगळे फक्त ते काय होते आणि काय नव्हते तेवढंच सांगायचे." मग म्हणाला, "मीही उशीरच करतो."

क्लब अजून दोनच आहेत. कॉर्नरचे झेंडे अजून कुणी जागेवर ठेवत नाही, असं माझ्या जागी आलेला माणूस मला फोन करून सांगतो, जणू मी त्यावर काही करू शकतो. पण त्या दिवशी अगिम गोलमधून हलायला तयार नव्हता. तो द्रिताला म्हणाला, "त्यांना सांग, अजून सांगा म्हणावं."

पेत्रितनी कमरेवर हात ठेवला, मैदानाकडे एकदा नीट पाहिलं आणि माझ्याकडे वळून मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "मिस्टर, एक खुर्ची मिळेल? ह्याच्या बापानं खाल्लेले गोल उभ्यानं सांगून होणार नाहीत."

खुर्ची मी आणली. पेरलेल्या मातीतच ठेवली.